गुण न देणारे चित्रांचे मास्तर

दोस्तांनो, चित्रकलेच्या वहीत दहापैकी चार गुण मिळाले की तोंड एवढंसं होतं ना? पण असेही एक 'मास्तर' असतात, जे चित्राला कधीच गुण देत नाहीत. झाड जांभळं काढा, नाहीतर पानभर नुसता काळा रंग फासा. ते ओरडणार नाहीत. हे असतात कला-उपचारतज्ज्ञ, म्हणजेच आर्ट थेरपिस्ट.

यांची गोष्ट सुरू होते १९३८ साली. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयाने आजारी पडला. तेव्हा क्षयावर आजच्यासारखी औषधं नव्हती. आरोग्यधामात खाटेवर पडून राहायचं, बस्स! कंटाळलेल्या हिलने पडल्या पडल्याच चित्रं काढायला घेतली आणि त्याचं मन हलकं झालं. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या हातीही त्याने पेन्सिल दिली. जे बोलवत नव्हतं, ते कागदावर उतरू लागलं. १९४२ मध्ये त्याने या उपचाराला नाव दिलं, 'आर्ट थेरपी'.

आता तुम्ही विचाराल, हे शिकायचं कसं? ब्रिटनमध्ये पदवीनंतर पूर्णवेळ दोन वर्षं शिकून मास्टर्सची पदवी घेतात. रंगरेषांचा सराव हवाच, शिवाय मानसशास्त्र आलं. रुग्णालयात किंवा शाळेत जाणत्यांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आलं. आणि गंमत म्हणजे, शिकणाऱ्याला स्वतःच्या मनावरही उपचार घ्यावे लागतात! दुसऱ्याचं दुःख ऐकताना आपलं दुःख मध्ये लुडबुडू नये ना, म्हणून. त्यानंतर रीतसर नोंदणी. ती नसेल तर 'आर्ट थेरपिस्ट' हे नाव लावायला तिथे कायद्यानेच बंदी आहे.

सगळ्यात अवघड धडा कोणता, ठाऊक आहे? गप्प बसण्याचा! काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असा काही शब्दकोश नसतो बरं का. एखाद्याने काळं घर काढलं, तर तज्ज्ञ हळूच विचारतात, "इथे कोण राहतं?" मग वाट बघतात. उत्तर आज नाही आलं, तरी चालतं.

आई-बाबा, हे आपल्यालाही जमेल. चित्रातली चूक दाखवण्याआधी "याची गोष्ट सांगतोस?" एवढं विचारून बघा.

आणि दोस्तांनो, मनातलं दुःख फारच मोठं असेल, तर नुसत्या रंगपेटीवर भागवू नका. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. सांगताना शब्द सापडले नाहीत, तर चित्र दाखवा!