मनाचा कौल केव्हा मानावा?

माणूस निर्णय कसा घेतो, याचे पहिले काटेकोर प्रारूप अर्थशास्त्राने घडवले. प्रत्येक पर्यायातील लाभ आणि तो पदरात पडण्याची शक्यता यांचा हिशेब करून माणूस सर्वांत हिताचा पर्याय निवडतो, असे त्यात गृहीत होते. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मध्ये त्याची गणिती मांडणी केली. मात्र वेळ, माहिती आणि बुद्धीचा आवाका मर्यादित असल्याने माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा बरा पर्याय मिळताच थांबतो, हे हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले.

डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी या प्रारूपाला आणखी एक धक्का दिला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ६०० जणांच्या जिवावर बेतलेल्या एका काल्पनिक साथीवर दोन उपाय सुचवले होते. एकाने २०० जण नक्की वाचणार होते. दुसऱ्याने सर्वच्या सर्व वाचण्याची शक्यता एक तृतीयांश, तर कोणीच न वाचण्याची दोन तृतीयांश होती. ७२ टक्के लोकांनी पहिला उपाय निवडला. तोच उपाय ‘४०० जण नक्की मरतील’ अशा शब्दांत दुसऱ्या गटापुढे ठेवला, तेव्हा तो अवघ्या २२ टक्क्यांना पटला. आकडे तेच होते. बदलले ते केवळ शब्द.

मग अंतःप्रेरणा नेहमीच फसवी असते का? गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलाच्या अनुभवी प्रमुखांचा अभ्यास केला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. ते पर्यायांची तुलना करत नव्हते. समोरचा प्रसंग ओळखीचा वाटताच योग्य कृती त्यांना सुचत होती. परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन संशोधकांनी, कानेमन आणि क्लाइन यांनी, २००९ मध्ये एकत्र लेख लिहून दोन अटी सांगितल्या. परिस्थितीत नियमितपणा हवा आणि आपला अंदाज बरोबर की चूक, हे वारंवार व लवकर कळायला हवे. मासळीचे कल्ले पाहून ताजेपणा ओळखणाऱ्या विक्रेतीचा अंदाज म्हणूनच सहसा चुकत नाही. शेअर बाजारात उद्या कोणता भाव चढेल, याबाबतच्या आतल्या आवाजाला मात्र तसा आधार नसतो.

या अटींचा रोजच्या जगण्याशी थेट संबंध आहे. ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, आत्ताच पैसे भरा’ असा फोन येतो, तेव्हा प्रसंग अनोळखी असतो, नुकसानीचे भय दाखवलेले असते आणि विचाराला उसंत नसते. त्या क्षणी मनाचा कौल विश्वासार्ह नसतो. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही. अशा वेळी फोन ठेवावा, घरच्यांशी बोलावे आणि पैसे गेलेच असतील, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.