उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे

साडीच्या दुकानातल्या ताई, फळ्यासमोरचे सर, चौकातले वाहतूक पोलीस: संध्याकाळी यांचे पाय भरून येतात, रात्री पोटरीत गोळे येतात आणि काही वर्षांत गुडघ्याखाली निळ्या, गाठाळ शिरा उठतात. व्हेरिकोज व्हेन्स, असं डॉक्टर सांगतात. घरी आल्यावर सल्ला तयार असतो, "आता चालणं कमी कर, शिरा ताणतील."

हा सल्ला अगदी उलटा आहे. पायातलं रक्त वर चढवण्याचं मोठं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल उचललं की ते आवळतात, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि शिरांमधल्या झडपा वर गेलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळ शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. निरोगी पायात थोडं चालताच तो ३० च्या आसपास उतरतो. झडपा ढिल्या झाल्या की तितका उतरत नाही, म्हणून तर पोटरी दणकट हवी. व्यायामाने झडपा दुरुस्त होत नाहीत, हेही खरं. पण जडपणा आणि सूज कमी झाली तर झोप लागते, लग्नात, रांगेत उभं राहवतं. रुग्णाला हवं असतं तेच.

"दिवसभर पायांवरच असते, आणखी व्यायाम कशाला?" हा दुसरा गैरसमज. नुसतं उभं राहिल्यावर पोटरी गप्प बसते. केरळमध्ये कापडदुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी भांडल्या, तेव्हा २०१८ मध्ये तिथला कायदा बदलला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. आपल्याकडच्या गल्ल्यामागे निदान एक स्टूल ठेवायला कायद्याची वाट कशाला पाहायची? स्टूल नसेल तर अधूनमधून टाचा उचलाव्यात, घोटे फिरवावेत. घोटा आखडला की पोटरीलाही नीट काम करता येत नाही.

हा बायकांचाच आजार, असंही म्हणतात. एडिंबरा शहरातल्या १९९९ च्या पाहणीत मोठ्या शिरा फुगलेले पुरुष सुमारे ४० टक्के निघाले, बायका ३२ टक्के. आणि प्रश्न फक्त दिसण्याचा नाही: दुर्लक्ष झालं तर घोट्याच्या वर कातडी काळपट, कडक होते, खाज सुटते, महिनोन्महिने न भरणारी जखम होते.

दाबाचे मोजे शिरा घालवत नाहीत, सूज आवरतात. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांनी आधी पायाच्या धमन्या तपासून घ्याव्यात. लेझरने शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? खोलवरच्या शिरांतून; बहुतेक रक्त एरवीही तिथूनच जातं. त्या उपचारानंतर बहुतेकांना त्याच दिवशी चालायला लावतात.

मात्र एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर चालून बघू म्हणू नका. आत गुठळी असू शकते, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. फुगलेल्या शिरेतून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय वर धरा आणि स्वच्छ कापडाने तिथेच दाबून ठेवा.