अडलेल्या बाळंतिणीसाठी

महाकालाच्या दर्शनाला उज्जैनला जाणाऱ्या आपल्याकडच्या काही मंडळींनी तिथल्या पुष्पा मिशन हॉस्पिटलचे नाव ऐकले असेल. ते उज्जैनच्या कॅथलिक धर्मप्रांताचे इस्पितळ. अशा इस्पितळात एखाद्या नन सिस्टरने बाळंतपण केले तर आज कुणालाच नवल वाटत नाही. पण १९३६ सालापर्यंत ननना या कामाची सरसकट परवानगी नव्हती. व्रतस्थ स्त्रीने बाळंतिणीच्या खोलीत काम करू नये, असा रोमचा दंडक होता. तो हलला त्यात दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील बायकांच्या एका छोट्या संस्थेचा मोठा वाटा आहे, आणि त्या संस्थेची मुळे रावळपिंडीत, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातच सापडतात.

अ‍ॅग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश बाई. मायदेशात स्त्रियांना वैद्यकीची पदवी मिळेना, म्हणून फ्रान्सला जाऊन १८७८ साली त्या डॉक्टर झाल्या. साठीनंतर त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला आणि सत्तरी ओलांडल्यावर रावळपिंडीत बायका-मुलांसाठी सेंट कॅथरिन्स इस्पितळ उभे केले. तिथल्या पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत. अडलेली बाळंतीण घरातच जाई. (आपल्याकडे तरी काय वेगळे होते? उपचारांअभावी तान्हे मूल गमावलेल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला गेल्या, त्या याच कळवळ्याने.) ननना डॉक्टरकी करू द्यावी म्हणून मॅक्लारेनबाईंनी रोमच्या वाऱ्या केल्या. १९१३ साली त्या वारल्या, तेव्हाही दंडक जागच्या जागीच होता.

ऑस्ट्रियातल्या तिरोल प्रांतातील अ‍ॅना डेंगेल या तरुणीची त्यांच्याशी केवळ पत्रांतून ओळख होती. प्रत्यक्ष भेट कधी झालीच नाही. अ‍ॅना आयर्लंडमध्ये शिकून १९१९ साली डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी रावळपिंडीला आल्या. तीन-चार वर्षे त्या तिथे राबल्या. रांग काही संपेना. एकटीदुकटी डॉक्टरीण इथे पुरी पडणार नाही, संस्थाच हवी, हे त्यांना कळून चुकले.

१९२५ साली वॉशिंग्टनमध्ये संस्था निघाली. सभासद चार: दोन डॉक्टर, दोन नर्स. नियमाशी भांडत बसण्यापेक्षा त्यांनी वाट काढली. राहायचे ननसारखे, पण जाहीर व्रते घ्यायची नाहीत. कागदोपत्री नन नाहीत म्हटल्यावर बाळंतपणाला हरकत घेणार कोण? या बायकांची ही व्यवहारबुद्धी मला फार आवडते. सोवळ्यात असूनही रडणारे नातवंड उचलून घेण्याची युक्ती आपल्या आज्यांना ठाऊक असे, तशातलीच ही. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने ननना प्रसूतीचे काम शिकण्यास आणि करण्यास मुभा दिली. पुढे मदर तेरेसांनी १९४८ साली कॉन्व्हेंट सोडल्यावर शुश्रूषेचे धडे घेतले, ते याच संस्थेच्या भगिनींकडे, पाटण्याला.

मॅक्लारेनबाईंची गोष्ट वाचून ऑस्ट्रेलियातूनही एक डॉक्टर इकडे आल्या होत्या. मेरी ग्लोरी त्यांचे नाव. मेलबर्नच्या कॅथलिक स्त्रियांच्या समाजसेवी संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्षा. १९२० साली त्या आंध्रात गुंटूरला आल्या, नन झाल्या आणि पोपच्या खास परवानगीने डॉक्टरकीही करत राहिल्या. भारतातल्या कॅथलिक इस्पितळांची संघटना १९४३ साली त्यांनीच उभी केली. कॅथलिकांचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय असावे, हे त्यांचे स्वप्न. १९५७ साली बेंगळुरूत त्यांचे निधन झाले. त्याच शहरात सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज सुरू झाले, ते सहा वर्षांनी.