इंग्रजी क्रियापद निवडताना...

भंडारा जिल्ह्यातील बपेरा येथील एखाद्या उमेदवाराने नोकरीच्या अर्जात ‘आय लिव्ड इन बपेरा फॉर टेन इयर्स’ असे लिहिले, तर तो आता तेथे राहत नाही, असाच अर्थ वाचणारा घेईल. ‘आय हॅव लिव्ड इन बपेरा फॉर टेन इयर्स’ असे लिहिल्यास मात्र वास्तव्य अद्याप चालू असल्याचे कळते. स्थानिक रहिवासी असण्याची अट असेल, तेथे एका ‘हॅव’ने अर्थाचा अनर्थ टळतो.

राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविली जाते. तरीही क्रियापदापाशी अनेकजण अडखळतात. याचे एक कारण मातृभाषेच्या घडणीत आहे. मराठीत ‘तो गेला’, ‘ती गेली’ असे लिंगानुसार रूप बदलते. ‘मुलाने पोळी खाल्ली’ या वाक्यात तर क्रियापद कर्माच्या मागे जाते. इंग्रजीला लिंगाशी कर्तव्य नाही. ‘ही वेन्ट’ आणि ‘शी वेन्ट’ यांत क्रियापद एकच. मात्र साध्या वर्तमानकाळात कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असल्यास क्रियापदाला ‘एस’ जोडावा लागतो. म्हणूनच ‘वन ऑफ माय फ्रेंड्ज लिव्ह्ज हिअर’ हे बरोबर. कारण येथे कर्ता ‘वन’ आहे, ‘फ्रेंड्ज’ नव्हे.

दुसरी गफलत नकाराची. ‘मी गेलो नाही’ या वाक्यात ‘गेलो’ हे भूतकाळी रूप कायम राहते. त्याच चालीवर ‘आय डिड नॉट वेन्ट’ असे लिहिले जाते. इंग्रजीत भूतकाळाचा भार ‘डिड’ने उचललेला असतो, त्यामुळे मूळ क्रियापद पहिल्याच रूपात येते : ‘आय डिड नॉट गो’.

तिसरी चूक काळाच्या निर्देशाची. ‘मी काल आलो आहे’ हे मराठीत चालते; पण ‘यस्टर्डे’सारखा संपलेला काळ आला की ‘हॅव कम’ चालत नाही, ‘केम’च हवे. उलट, पाच वर्षांपासून चालू असलेल्या कामासाठी ‘आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स’ असे न लिहिता ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर फाइव्ह इयर्स’ असे लिहावे. कालावधीसाठी ‘फॉर’ आणि आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ वापरावे.

थोडक्यात, लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : खरा कर्ता कोण? काळ दाखविणारे साहाय्यक क्रियापद आधीच आले आहे का? आणि क्रिया संपली आहे की चालू आहे? ही उत्तरे मिळाली, की बहुतेक वेळा योग्य रूप सापडते.