पॉइंट टू टू रायफलीवरची टार्गेट साइट

शिकारीसाठी बनवलेल्या ०.२२ इंची रायफलीवर कारखान्यातून उघडी साइट बसून येते. नळीच्या टोकाशी एक माशी आणि चेंबरच्या थोडे पुढे, नळीवरच, खाच असलेली मागची पट्टी. चेकोस्लोव्हाकियात उहेर्स्की ब्रोद येथे सुरू झालेली आणि पुढे सीझेड ४५२ या नावाने जगभर गेलेली रायफल याचा चांगला नमुना आहे. तिच्या मागच्या पट्टीवर सरकणारी चिमटी असते आणि २०० मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले असतात. झाडीतून निघालेल्या सशावर झटकन नेम धरायला ही रचना उत्तम. पन्नास मीटरवरच्या कागदावर एकाच जागी गोळ्या बसवायच्या झाल्या की ती तोकडी पडते; तिथे टार्गेट साइट लागते.

ही रायफल ज्या काडतुसावर चालते ते .२२ लाँग रायफल १८८७ सालचे. एनसीसीत गेलेल्यांना ते ‘पॉइंट टू टू’ म्हणून ठाऊक असते. त्याचा स्फोटक मसाला टिकलीत नसून बुडाच्या कडेच्या पोकळीत भरलेला असतो, म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. शिशाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, स्पर्धेच्या काडतुसात तिचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवतात. धक्का नगण्य असल्याने साइट नुसती चिमट्यासारखी आवळून बसवली तरी टिकते. मोठ्या काडतुसाच्या रायफलीवर हे चालत नाही.

पन्नास मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आपल्या करंगळीच्या नखाएवढे. पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये याच अंतरावर, पडून नेम धरण्याच्या प्रकारात, जागतिक विजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्यांच्या रायफली खास स्पर्धेसाठी घडवलेल्या. पण तिथे दुर्बीण चालत नाही आणि साइटचे तत्त्व साध्या रायफलीवर बसवायच्या साइटचेच आहे.

ते तत्त्व दोन गोष्टींवर उभे आहे. पहिली, पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर. उघड्या साइटमध्ये ते समजा ४५ सेंटिमीटर आहे. डोळ्याने दोन्ही जुळवताना दशांश मिलिमीटरची चूक झाली तर ५० मीटरवर गोळी ११ मिलिमीटर चुकते. मागची साइट नळीवरून उचलून बोल्टच्या मागच्या टोकाकडे नेली आणि अंतर ७० सेंटिमीटर झाले, तर तेवढ्याच चुकीला गोळी ७ मिलिमीटर सरकते. दुसरी गोष्ट बारीक भोकाची. डोळ्यासमोर मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचे छिद्र धरले की जवळची माशी आणि दूरचे लक्ष्य दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसतात. चाळिशी लागलेल्या नेमबाजाला याचा फायदा विशेष. खाचेत माशी मधोमध आणण्याची कसरतही उरत नाही; गोल भोकातून पाहताना डोळा आपोआप मध्य शोधतो. अमेरिकेत विल्यम लायमन यांनी अशा भोकाच्या साइटचे पेटंट १८७९ साली घेतले.

मागची साइट बसवणे सोपे. बहुतेक .२२ रायफलींच्या रिसीव्हरवर दोन्ही कडांना ११ मिलिमीटर रुंदीची डव्हटेल खाच कापलेलीच असते; साइटचा पाय त्यावर सरकवून स्क्रू आवळायचा. मात्र आवळण्याआधी रिकाम्या रायफलीचा बोल्ट पूर्ण मागे ओढून पाहावा लागतो. बोल्टचे शेपूट साइटवर आपटता कामा नये, आणि सीझेडसारख्या रायफलीत सेफ्टीचा खटका बोल्टच्या मागेच असल्याने अंगठ्याला तिथे जागा राहिली पाहिजे. डोळ्याकडच्या आयरिसचे, म्हणजे छिद्र लहानमोठे करणाऱ्या चकतीचे, आटे युरोपीय साइटमध्ये बहुधा साडेनऊ मिलिमीटर व्यासाचे असतात, त्यामुळे एका कंपनीची आयरिस दुसरीच्या साइटवर चालून जाते.

पुढची साइट मात्र छळते. टार्गेट साइटची पुढची बाजू म्हणजे आडवा बोगदा. त्यात हवी ती कडी किंवा खांब घालता येतो. स्पर्धेच्या बोगद्यांचा व्यास १८ किंवा २२ मिलिमीटर. तो ज्या पायावर बसतो तो पाय शिकारी रायफलीच्या नळीवर नसतोच. माशी आडव्या खाचेत ठोकलेली असेल, तर पितळी पंच आणि हलक्या हातोडीने ती काढून त्याच खाचेत बसणारा छोटा बोगदा ठोकता येतो. तसे नसेल तर नळीला कवळणारा कंस बनवून घ्यावा लागतो. नळीला भोक पाडणे हा शेवटचा उपाय, आणि बहुतेक वेळा चुकीचा.

खरा घोळ उंचीचा. मागची टार्गेट साइट नळीच्या अक्षापासून बरीच वर बसते. मूळ माशी खालीच राहिली तर मागचे छिद्र तळाला नेऊनही गोळी लक्ष्याच्या वर जाते. लोक साइट विकत घेतात, बसवतात आणि मग हे कळते. आधी व्हर्नियर घेऊन हिशेब केला तर पैसे वाचतात. सेकंदाला सुमारे ३२० मीटर वेगाने निघालेली गोळी ५० मीटरपर्यंत साधारण साडेबारा सेंटिमीटर खाली येते. पुढची साइट अक्षापासून ३५ मिलिमीटर वर असेल, तर नळीने एकूण १६ सेंटिमीटरची भरपाई करायची आहे. हे ५० मीटरवर १६ सेंटिमीटर, म्हणजे ७० सेंटिमीटरच्या साइटअंतरावर सव्वादोन मिलिमीटर. मागच्या छिद्राचा मध्य पुढच्या कडीच्या मध्यापेक्षा एवढाच वर हवा, आणि तो साइटच्या चढउताराच्या साधारण मधोमध आला तर उत्तम. कमी पडणारी उंची पुढच्या साइटखाली ठोकळा घालून भरून काढतात.

नजरेची रेषा वर गेली की गालही वर जायला हवा. शिकारी दस्त्याची पाठ बुटकी असते, त्यामुळे गाल हवेत राहतो आणि डोळा दर वेळी नव्या जागी येतो. दस्त्यावर चामड्याची किंवा फोमची गादी बांधली तरी काम भागते. यावर खर्च करायचे टाळून महाग साइट घेणे म्हणजे पाया न घालता मजला चढवणे.

कडीचा आकार काढणेही अवघड नाही. लक्ष्याचा काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा, डोळ्यापासून ८० सेंटिमीटरवरच्या कडीत तो १.८ मिलिमीटर एवढा दिसतो. साडेतीन मिलिमीटरची कडी घातली तर काळ्याभोवती पांढरा पट्टा मोकळा राहतो. फार घट्ट कडी नवशिक्याला मोहात पाडते, पण तिच्यात काळा गोळा कडेला चिकटलेला भासतो आणि खटका दाबायला उशीर होतो.

झीरोइंग, म्हणजे नेम आणि गोळी जुळवणे, २५ मीटरपासून सुरू करतात. मागची साइट ज्या दिशेला हलवावी त्याच दिशेला गोळी सरकते; पुढची हलवली तर उलट. साइटच्या स्क्रूची, कोनाच्या पाव मिनिटाची, एक टिक ५० मीटरवर गोळीला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास हलवते. एका गोळीवरून टिका फिरवत बसण्यापेक्षा पाच गोळ्यांचा गुच्छ पाहून मगच हात लावणे बरे. शेवटी ओळंब्याची कसोटी: ओळंबा सोडून कागदावर उभी रेघ काढायची, रायफल सरळ धरून मागची साइट तळाला नेऊन एक गुच्छ आणि चाळीस टिका वर नेऊन दुसरा मारायचा. दुसरा गुच्छ रेघ सोडून बाजूला गेला, तर साइट तिरकी बसली आहे.

भारतात अशी रायफल बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरबदल करणाऱ्यालाही वेगळा परवाना लागतो. म्हणून स्क्रूने आवळण्यापलीकडचे, कापण्याचे किंवा भोक पाडण्याचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. काढलेली मूळ माशी आणि पट्टी मात्र तेल लावून, रायफलीचा क्रमांक लिहिलेल्या पाकिटात जपून ठेवावी. जुन्या मॉडेलचे हे सुटे भाग पुन्हा मिळणे कठीण असते.