साताऱ्याचा खंड्या, सांगलीचे बेदाणे

साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहूमहाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. ती पाहून परतताना चिरंजीवांनी हट्टाने दोन महिन्यांचे पिल्लू सांगलीला आणले. नाव अर्थातच खंड्या!

दिवसातून चारदा थोडे थोडे खाणे, खाल्ल्याबरोबर अंगणात नेणे, तिथे विधी उरकताच शाबासकी. एवढ्यावर स्वारी शहाणी होऊ लागली. (विद्यार्थ्यांच्या बाबतीत मला हे यश लाभलेले नाही.)

पण आम्ही पडलो सांगलीकर! सौ.ने कौतुकाने त्याला मूठभर बेदाणे घातले. डॉक्टरांनी तडक इंजेक्शन देऊन ओकारी करवली. द्राक्षे-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे तेव्हा कळले. दोन दिवस घरात कुणालाच घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी खंड्याने माझी चप्पल कुरतडली, तेव्हा सौ.ने देवापुढे साखर ठेवली.