दारावर डहाळी, पाटावर न्याहारी

ऑस्ट्रियातल्या स्टायरिया भागात द्राक्षं पिकवणारी कुटुंबं आपल्याच अंगणात गिऱ्हाइकांना खाऊ घालतात. १७८४ साली सम्राट दुसरा जोसेफ याने शेतकऱ्यांना घरची वाईन आणि घरचे पदार्थ विकायची मोकळीक दिली. दारावर हिरवी डहाळी टांगली, की समजायचं आज चालू आहे. तिथे गरम जेवण नसतं. लाकडी पाटावर पाव, चीज, थंड मांस एवढंच येतं. त्यामुळे आचारी लागत नाही, भांडवलही कमी पुरतं.

आपल्या दिंडोरीकडेही द्राक्षबागा आहेत, शहरातले पाहुणे येतात. वाईनच्या परवान्याची गोष्ट वेगळी. पण भाकरी, ठेचा, मनुका आपल्या हातच्या आहेत. गटाने चारच पदार्थ, ठरावीक वार ठरवावेत, अन्नसुरक्षेची नोंदणी करावी. हॉटेलची नक्कल नको.